वाचायची रांग

आमच्या घरात अख्खी कादंबरी कुणीच वाचत नाही. तुकड्यातुकड्यांनी वाचतो, आणि तेही रांगेनं. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, तर वाटू दे बापडा. मी सगळं क्रमानं सांगते. आमच्या धंद्यात क्रम चुकला की मुसळ केरात, त्यामुळे सवयच आहे. आणि सांगताना कुठे मागचं पुढे झालंच तर ताई शेजारी बसलीय, ती टोकेल.

धंदा बाइंडिंगचा. बाबांचा होता, आता माझा. वाचनालयांची फाटकी पुस्तकं आमच्याकडे येतात. आधी पुठ्ठा सोलायचा, पाठीवरची वाळलेली खळ खरवडायची, दोरा कापायचा. मग पुस्तकाचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की झालं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक आकडा छापलेला असतो, तो बघून फर्मे लावायचे. फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी, मग वाळवण, मग शिलाई. हे उसवणं आणि शिवणं यांच्या मधले जे दिवस, ते आमचे. पुस्तक उसवलं की आधी घरानं वाचायचं, मग शिवायचं, असा बाबांचा नियम होता. गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे. चार-पाच फर्म्यांची एक जुडी करायची, वर दोऱ्याची गाठ मारायची, आणि जुड्या घरात फिरायला लागायच्या.

रांग वेगावर ठरलेली. सगळ्यात पुढे ताई. ती वाचत नाही, गिळते. ओट्यावर जुडी उघडी टाकायची, एका हातानं ढवळायचं, दुसऱ्या हातानं पान उलटायचं, आणि तरी कधी काही करपलं नाही. दुसरे भाऊजी, ताईचे यजमान. ते बसच्या डेपोत मेकॅनिक होते, आता घरी असतात आणि तयार पुस्तकं पोचवून येतात. ते सर्वांत आधी शेवटची जुडी मागतात. "गाडी कुठे जाणार हे कळल्याशिवाय मी चढत नाही," म्हणतात. शेवट वाचून झाला की मिळेल ती जुडी मिळेल तशी वाचतात, वर्णनं तर सगळी गाळतात. "सूर्य मावळला ना? मावळला. पुढे." तिसरी मी, शेंडेफळ. मी ओठ हलवत वाचते. एक फर्मा संपायला मला संध्याकाळ होते, पण माझ्या नजरेतून स्वल्पविराम निसटत नाही. ताई मला मुंगी म्हणते. लहानपणापासून तेच नाव पडलंय, खरं नाव आता फक्त वीजबिलावर.

वाचनालयाच्या बाई पुस्तकं न्यायला येतात तेव्हा त्यांच्याकडच्या वाचकांचे किस्से सांगतात. एक गृहस्थ सकाळी कादंबरी नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. "वाचतात की वजन करून बघतात, देव जाणे," बाई म्हणतात. एक आजीबाई मात्र एकच कादंबरी वर्षभर फिरून फिरून नेतात. बाईंनी विचारलं तर म्हणाल्या, संपली की त्या घरातली माणसं निघून जातात ना. मला ते पटलं. ताईला मुळीच पटलं नाही.

ताई आईवर गेलीय, हे मला इथंच सांगायला हवं. नाक आईचं, हात आईचे, चालणं आईचं, आणि वाचायचा वेगही आईचा. मी बाबांवर गेलेय, सगळे तेच म्हणतात. बाबा माझ्यासारखेच रेंगाळत वाचायचे. ते गेले त्या दिवसापर्यंत त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव पाठ होतं. आईचं तसं नव्हतं. आई रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची, आणि एके दिवशी बाबांनी तिला गाठलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, "आई हरली, आई हरली" म्हणून घर डोक्यावर घेतलं. आईही हसली. मग ती एकाच पानावर हसायला लागली. रोज तेच पान, रोज तोच विनोद, रोज तेवढंच खळखळून. नंतर ती ताईला म्हणाली, "तुम्ही कोणाकडे आलात? हे आत्ता घरात नाहीत." स्वतःच्या पोटच्या पोरीला. ताई तेव्हा परकर-पोलक्यातली. तिनं दार लावून घेतलं आणि जेवायलासुद्धा बाहेर आली नाही.

डॉक्टर तेव्हा बाबांना म्हणाले होते, मुलींमध्ये उतरेलच असं नाही, पण लक्ष ठेवा. त्या दिवसापासून आमच्या घरात हे कुणी तोंडानं काढत नाही. पण लक्ष आहे. माझं ताईवर होतं. जिच्यात आईचं सगळं उतरलं, तिच्यातच हेही उतरणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

तर मध्यंतरी ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तेव्हा एक कादंबरी आली, दीपगृहाच्या राखणदाराची. रांगेत पुढे ताई नाही. भाऊजी शेवट वाचून मोकळे झाले, आणि मी निवांत वाचली. काय कादंबरी होती, अहाहा! म्हातारा राखणदार वादळात मरतो. त्याची लेक ऊर फुटेस्तोवर रडते. आणि पुढच्याच पानावर म्हातारा आपला दारात बसून चहा पितोय, बोटवाल्याशी हुज्जत घालतोय! लेखक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मेलेला माणूस असा सहज आणून बसवायचा म्हणजे छातीच पाहिजे. ताई परत आली तेव्हा मी तिला तिखटमीठ लावून ही सगळी गोष्ट सांगितली. ती हातातला कप तसाच धरून ऐकत राहिली. एरवी मला मधेच तोडणारी ताई, एकदाही "मग?" म्हणाली नाही. मला असा राग आला! नातवंडाचं कौतुक मी तासभर ऐकलं आणि माझ्या म्हाताऱ्याची कुणाला पर्वा नाही. मी पुस्तक कपाटातून काढून तिच्या पुढ्यात आपटलं, म्हटलं बघ, शिवूनसुद्धा ठेवलंय. ती म्हणाली, "असू दे, मी देते पाठवून." आणि घेऊन गेली.

त्यानंतरच्या कादंबरीला ते झालं. मी ताईला गाठलं.

दुपारची वेळ होती. माझी जुडी संपली, म्हणून भाऊजींकडे गेले तर ते रिकामे बसलेले. म्हणाले, "माझ्याकडे काय मागतेस, तुझ्या बहिणीकडेच अडकलीय." मी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर जुडी नव्हती. ताई टेबलाशी बसली होती, आमच्याकडे पाठ करून, जुडीवर वाकून. एक पान उलटलं, पुन्हा मागं आली. पुन्हा उलटलं.

"काय गं, गिरणी बंद का आज?" मी म्हटलं.

ती दचकली. जुडी हातानं झाकलीच म्हणा ना. "डोळे चुरचुरतायत जरा," म्हणाली. "होईल संध्याकाळपर्यंत. तू हो पुढे."

मी हसले. हसत हसत कारखान्यात आले. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली, पण बाबा कारखाना म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणतो. सुई हातात घेतली, दोरा शोधायला लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ना, ते आठवलं. सुई पुन्हा डबीत ठेवली.

पुढच्या कादंबरीला तेच. त्याच्या पुढच्याही. जी बाई सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत जुडी संपवायची, ती आता एकेका जुडीला दिवस लावत होती. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. बघावं तेवढी भीती वाढत होती. तिचं बोट ओळीवर नसायचं, पानाच्या तळाशी असायचं. वाचताना ती मधेच मान वर करायची आणि माझ्याकडे बघत बसायची, ओळख पटवत असल्यासारखी. जुड्यांच्या गाठी बदललेल्या असायच्या. माझी गाठ आवळ, बाबांनी शिकवलेली. परत येणाऱ्या जुडीला ताईची फुलाची गाठ, आपण वेणीला मारतो तसली. म्हणजे हिला दोरा सोडून पुन्हा बांधावा लागतोय, हिच्या हातातून पानं निसटतायत. आईच्याही निसटायची.

आणि प्रश्न! आईनं असेच प्रश्न विचारले होते.

"मुंगे, परवा आपण कुठली कादंबरी वाचली गं?"

मी सांगायची.

"आणि त्या दीपगृहवाल्याचं शेवटी काय होतं, सांग ना पुन्हा."

"अगं, किती वेळा सांगू? मरतो, आणि मग परत येतो."

"बरं बरं," ती म्हणायची, आणि पदरानं डोळे पुसत आत जायची. त्या रात्री मला झोप कसली येतेय. एकच गोष्ट ती तिसऱ्यांदा विचारत होती, आणि तिला ते कळतही नव्हतं.

शिवाय ती मला एकटं सोडेना. माझ्याकडे कागद कापायचं मशीन आहे, मोठा सुरा, वरून चाक फिरवून खाली आणायचा. ताई जन्मात कधी त्याच्याजवळ फिरकली नव्हती, तिला त्या आवाजानं शिरशिरी यायची. आता मी चाकाला हात लावला की ही हजर. स्टूल ओढून बसायची. "इथं उजेड चांगला आहे," म्हणायची. कप्पाळ उजेड! त्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. आईसुद्धा शेवटी शेवटी अशीच आमच्या मागे मागे फिरायची. घर अनोळखी व्हायला लागलं की माणूस माणसाला धरून राहतं, असं बाबा म्हणाले होते.

मी भाऊजींना गाठलं. ते गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सरळच म्हटलं, "भाऊजी, ताईचं वाचणं बघितलंत?"

त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. तो शोधायला ते वाकले ते बराच वेळ वरच येईनात. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," खालूनच म्हणाले.

"नंबर वाढलेला माणूस पुन्हा पुन्हा मागे जात नाही."

"तू कशाला काळजी करतेस?" आता ते उभे राहिले, पण माझ्याकडे बघेनात. ओल्या चादरीशीच बोलत होते. "आम्ही आहोत ना. आम्ही बघतो सगळं. तू आपली वेळेवर जेव, वेळेवर झोप."

मला वाटलं, म्हणजे यांनाही माहीत आहे. यांनाही दिसतंय आणि हे माझ्यापासून लपवतायत. कठडा धरून जिना उतरले.

सरळ ताईलाच का विचारलं नाही, असं कुणी म्हणेल. विचारून बघा ना एकदा आपल्या माणसाला, तुझं डोकं चालतंय का म्हणून! बाबांनी आईला विचारलं होतं. आईनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यानंतर ती आमच्यासमोर वाचायचीच बंद झाली, कुणी पकडू नये म्हणून. मला ताईचं तसं करायचं नव्हतं. पण मला कळायलाही हवं होतं. रोज थोडंथोडं मरण्यापेक्षा काय ते एकदा कळू दे, अशी माझी गत झाली होती. म्हणून मी ते केलं.

नवी कादंबरी उसवली. एका मुलीच्या लग्नाची होती. पहिली जुडी लावताना मी मुद्दाम दुसरा फर्मा काढला आणि सगळ्यात शेवटी घातला. म्हणजे मुलगी आधी सासरी जाऊन सासूशी भांडणार, आणि मग तिचं लग्न ठरणार. पानांचे आकडेसुद्धा ओरडून सांगत होते. आंधळ्यालाही कळावं इतकी ढोबळ चूक. मी माझी आवळ गाठ मारली आणि जुडी ताईच्या हातात दिली. देताना माझा हात बर्फासारखा गार पडला होता. तिचाही काही गरम नव्हता.

कळलं तर ताई काय करेल, ते मला पक्कं माहीत होतं. "अगं मुंगे, डोळे कुठे ठेवलेस!" म्हणून घरभर आरडाओरडा करेल, भाऊजींना बोलावून दाखवेल, आठवडाभर चिडवेल. मी कारखान्यात बसून त्या ओरडण्याची वाट बघत होते. खळ ढवळली, घट्ट झाली, फेकली, पुन्हा केली. बाहेरून काही आवाज नाही. दुपार गेली, उजेड गेला. शेवटी ताई दारात आली, जुडी भाऊजींच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "छान आहे गं. आवडेल तुला."

"छान आहे?" मी म्हटलं. "काही... काही खटकलं नाही?"

"काय खटकायचंय? छान आहे." तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती गेली.

मी दार लोटून घेतलं, मशीनच्या मागे जमिनीवर बसले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. सासरी भांडण झाल्यावर लग्न ठरतं आणि माझ्या ताईला काही खटकत नाही! संपलं. आता ती एकाच पानावर हसणार. मग एके दिवशी मला म्हणणार, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? मला तिच्या जाण्याची नव्हती इतकी भीती तिच्या अशा असण्याची होती. मला वाढवलं तिनं. आई असून नसल्यासारखी झाली तेव्हा माझी वेणी कोण घालत होतं? माझ्या आजारपणात उशाशी कोण बसत होतं? ती मला विसरली तर मुंगी म्हणून हाक मारणारं जगात उरतंच कोण?

दुसऱ्या दिवशी जुडी माझ्याकडे आली. वर ताईची फुलाची गाठ. मी ती सोडली, नुसती चूक पुन्हा बघायची म्हणून. आणि बघतच राहिले.

फर्मे बरोबर होते. पहिला, दुसरा, तिसरा. मुलीचं लग्न ठरत होतं, मग होत होतं, मग ती सासूशी भांडत होती. मी तळाचे आकडे तपासले, पुन्हा तपासले. भाऊजींनी लावले असतील? छे, त्यांना शेवटापासून वाचलं तरी चालतं, ते कशाला लावतील! ताईनं लावले होते. ताईला कळलं होतं. पहिल्या फटक्यात कळलं होतं, गाठ सोडून, फर्मा जागेवर ठेवून, पुन्हा गाठ बांधून ती साळसूदपणे म्हणाली होती, छान आहे!

मी धावत सुटले. पन्नाशी उलटलेली बाई मी, चप्पल एकीकडे, पदर एकीकडे. ताई कपडे घड्या करत होती. मी तिला मागून मिठीच मारली, गदागदा हलवली, रडतेय का हसतेय माझं मलाच कळेना.

"नाटकी! अगं नाटकी! माझ्या जिवाचं पाणी पाणी केलंस! मुद्दाम मिसळला होता मी फर्मा, तुझी परीक्षा बघायला. आणि तू गुपचूप लावलास होय! तोंडातून शब्द नाही काढलास!"

ताई हळूच वळली. हातातली चादर तिनं छातीशी धरली होती.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "हे तू मुद्दाम केलंस?"

"मग काय! मला वाटलं, तुला आईसारखं..."

पण ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही, असं म्हणायची आता माझी हिंमत नाही. आज तरी आठवतोय. तो उजळला होता. लहान पोराला कुणी हरवलेली वस्तू दाखवावी, तसा. तिनं माझे दोन्ही दंड धरले.

"म्हणजे आधीची सरमिसळसुद्धा तू मुद्दामच केलीस? हो ना? सगळी परीक्षाच चालली होती तुझी? सांग ना मुंगे. मुद्दाम केलंस ना सगळं?"

"आधीची कुठली?" मी म्हटलं.

बस. एवढंच म्हटलं मी. ताईचे हात माझ्या दंडावरून सुटले.

मी तिच्याकडे बघत होते, आणि एकेक गोष्ट आपसूक जागेवर बसायला लागली. बोट पानाच्या तळाशी का असायचं. तिथं आकडा असतो. गाठ का बदललेली असायची. जुडी ती दोनदा का वाचायची, एकदा लावायला आणि एकदा वाचायला. सुऱ्यापाशी स्टूल टाकून का बसायची. भाऊजी चादरीशी का बोलत होते. आणि ते सगळे प्रश्न, परवा काय वाचलं, म्हाताऱ्याचं शेवटी काय होतं... ती विसरली म्हणून विचारत नव्हती.

"दीपगृहवालं पुस्तक कुठाय?" मी विचारलं.

"दिलं पाठवून."

"ताई."

ती वळली. कपाटाशी गेली, चादरींच्या खालून ते पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. माझीच शिलाई, माझाच पुठ्ठा. इतकी सुबक बांधणी की बाबा असते तर पाठ थोपटली असती. मी उघडलं. बोट तळाला लावलं. वादळाचा फर्मा आधी होता आणि चहाचा नंतर, आकडे मात्र उलटे. म्हातारा परत बिरत काही आला नव्हता. तो मरायच्या आधीचा चहा होता तो. लेखकानं सरळसाधं लिहिलेलं, मी उलटं शिवलं, आणि उलटं वाचलं. शेवटापर्यंत, ओठ हलवत, स्वल्पविरामासकट. वर कौतुक केलं.

ताईनं ओळखलं नाही म्हणून काल मी जमिनीवर बसून रडले होते. आणि मी? मी तर ओळखलं नव्हतंच.

"मी बाबांवर गेलेय," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. "सगळे म्हणतात ना गं?"

"हो गं राणी," ताई म्हणाली. लहान असताना म्हणायची तसं.

"मला भीती वाटतेय ताई."

"मलाही." ती माझ्याजवळ पलंगावर बसली. "लेकीकडून आले त्या दिवसापासून घास गिळवत नाहीये मला. वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. वाटलं, दमली असेल बिचारी एकटी. मग दुसरं पुस्तक, मग तिसरं. तुला विचारायचं कसं? आईला विचारलं तेव्हा काय झालं ते बघितलंय ना आपण." तिनं नाक पुसलं. "आत्ता तू मुद्दाम म्हणालीस ना, मला वाटलं देव भेटला."

खोटं बोलावं असं मनात आलं माझ्या. हो, सगळीच मुद्दाम केली, गंमत केली तुझी, असं म्हणावं आणि तिला एक रात्र झोपू द्यावं. तोंड उघडलंही मी. पण जिनं माझी प्रत्येक चूक गाठीआड लपवली, तिला आता काय शेंडी लावणार? तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर. तुझे भाऊजीही येतायत."

मग ती उठली आणि कारखान्यातून माझा पातळ सुरा घेऊन आली. दीपगृहवाल्या पुस्तकाचा पुठ्ठा तिनं सोलला, जरा ओबडधोबडच, तिला कुठली सवय. दोरा कापला. फर्मे सुटे झाले. तिनं ते लावले नाहीत, माझ्यापुढे सरकवले. मी एकेक उचलून तळाचा आकडा मोठ्यानं वाचत गेले आणि ठेवत गेले. एकदा अडखळले तेव्हा ती खाकरली. मी फर्मा उचलून पुन्हा ठेवला.

मग आम्ही वाचायला बसलो, एकाच जुडीत दोघी, माझ्या डाव्या बाजूला ती. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही रांगेत नव्हतो. म्हातारा दारात चहा पीत होता, बोटवाल्याशी हुज्जत घालत होता. पुढे वादळ आलं, आणि तो मेला, आणि मला इतकं रडू आलं की अक्षरं दिसेनात. मी हे आधी वाचलंय असं मला जराही वाटत नव्हतं. त्याचीच भीती वाटत होती, आणि तरी म्हाताऱ्याचंही वाईट वाटत होतं.

ताईचं पान केव्हाच वाचून झालं असणार. तिला किती वेळ लागतो मला माहीत आहे. पण तिचं बोट पानाच्या कोपऱ्यावर तसंच होतं, उलटत नव्हतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"होऊ दे. मी थांबलेय."